रेस दिली की वाजणारी शिट्टी

तू पाठवलेली क्लिप ऐकली. गाडी उभी, गाणं बंद, आणि तू हळूहळू रेस देतेस तसतशी मागच्या स्पीकरातली ती बारीक शिट्टी वर चढत जाते. पाय काढलास की खाली उतरते. अगं, इतकं नीट रेकॉर्ड करून पाठवलंस, तिथेच निम्मं निदान झालं. तो आवाज तुझ्या नव्या अँड्रॉइड सेटचा नाही, अ‍ॅम्पचाही नाही. तो अल्टरनेटरचा आहे, आणि तो तुझ्या गाण्यात कुठून शिरतो एवढंच आपल्याला शोधायचंय.

दुकानदार म्हणतो, "मॅडम, एवढा आवाज येतोच, फिल्टर टाकून देतो." तू हो म्हणू नकोस. निदान अजून तरी नको. फिल्टर कधी लावायचा ते मी पुढे सांगते, पण कारण न शोधता लावला तर पैसे जातात आणि खरा दोष आतल्या आत वाढत राहतो. हा दोष अनेकदा गाडीच्या अर्थिंगमध्ये असतो. अर्थिंग बिघडलेल्या गाडीत आज शिट्टी वाजते, उद्या हेडलाइट मिणमिणतात आणि परवा सकाळी गाडी स्टार्ट होत नाही. तू रोज मांडव्याच्या जेट्टीपाशी गाडी लावून बोट पकडतेस. खाऱ्या हवेत दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीबद्दल मला म्हणूनच जास्त काळजी वाटते.

आधी कानाने काय काय ओळखता येतं ते सांगते. हे एकदा समजलं की कुणीही काहीही सांगून तुला गप्प करू शकणार नाही.

तुझ्या इंजिनाचे आयडलला मिनिटाला साधारण ८०० फेरे होतात. पट्ट्यावर चालणारा अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीन पट वेगाने फिरतो, म्हणजे २,००० किंवा थोडा जास्त. बऱ्याच अल्टरनेटरच्या रोटरवर चुंबकीय ध्रुवांच्या सहा जोड्या असतात. आत तीन फेजची एसी तयार होते आणि सहा डायोड तिची डीसी करतात. ही डीसी अगदी सपाट कधीच नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. हिशेब मांडलास तर आयडलला सेकंदाला सुमारे १,२०० लाटा येतात, आणि रेस २,४०० फेऱ्यांवर नेलीस की ३,६००. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे लाट चिमूटभर असली तरी नेमकी कानात घुसणारी. तुझं डोकं दुखतं ते उगाच नाही, राणी.

शिट्टीऐवजी रेसबरोबर वाढणारी टर्रटर्र किंवा टिकटिक असती तर मी स्पार्क प्लगच्या बाजूला वळले असते. चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात आयडलला सेकंदाला सत्तावीसच्या आसपास ठिणग्या पडतात, म्हणून तो आवाज सलग न येता तुटक येतो. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतात, त्यामुळे डिझेलवाल्याला कुणी "इग्निशनचा नॉइज आहे" म्हटलं तर तिथून उठून जावं. रेस कमी-जास्त करून काहीच फरक पडत नसेल आणि नुसता सतत "स्स्स" ऐकू येत असेल, तर बहुतेक वेळा अ‍ॅम्पचा गेन नको तेवढा चढवलेला असतो. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. सेटकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ बसवण्यासाठी तो दिलेला असतो, पण दुकानात गाडी दणाणून दाखवायची म्हणून तो शेवटपर्यंत पिळतात. वायपर, पंखा किंवा पॉवर विंडो चालवल्यावरच घरघर येत असेल तर दोष त्या मोटरच्या वाटेवर. आणि आवाज फक्त रेडिओवर येतो, ब्लूटूथवर अजिबात नाही, असं असेल तर तो अँटेनातून हवेमार्गे येतोय. तिथे अर्थिंगची वायर बदलून फारसं काही होणार नाही.

तुझ्या क्लिपमध्ये अजून एक गोष्ट मला दिसली. सेटचा आवाज तू शून्यावर नेलास तरी शिट्टी तेवढीच राहिली. म्हणजे ती सेटच्या आवाजाच्या बटणाच्या पुढे कुठेतरी शिरते आहे. सेटपासून अ‍ॅम्पपर्यंतची आरसीए वायर, अ‍ॅम्पची स्वतःची अर्थिंग, किंवा अ‍ॅम्पपासून स्पीकरपर्यंतचा भाग. आपला शोध एवढ्यात आला.

आता ती शिरते कशी, हे समजून घे. गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते. दिवे, पंखा, हॉर्न, पेट्रोलचा पंप, तुझा अ‍ॅम्प, सगळ्यांचा करंट काम करून परत जातो तो याच पत्र्यातून. जुन्या चाळीत सगळ्या मोऱ्यांचं पाणी एकाच पन्हळीत जायचं, आठवतं? पन्हळ मोकळी असली तर कुणाला कुणाचा पत्ता नसे. ती तुंबली की वरच्या बिऱ्हाडाने बादली ओतली आणि आपल्या मोरीत पाणी वर आलं. गाडीत असंच होतं. वाटेतला एखादा सांधा गंजला की त्यावर व्होल्टेज साचतं, आणि अ‍ॅम्पची अर्थ जिथे जोडलीय ती जागा खऱ्या निगेटिव्हपेक्षा थोडी वर तरंगायला लागते.

आकड्यात बघ. एखाद्या सांध्याचा रोध ५ मिलिओहम असला, म्हणजे साध्या मीटरवर दिसणारही नाही इतका, आणि त्यातून ४० अँपिअर गेले, तर तिथे ०.२ व्होल्ट पडतात. या २०० मिलिव्होल्टवर अल्टरनेटरच्या लाटा स्वार असतात. तिकडे तू हळू आवाजात गाणं ऐकतेस तेव्हा आरसीए वायरमधून येणारं गाणंही काही मिलिव्होल्टचंच असतं. आता सेटची अर्थ डॅशबोर्डमागे एका ठिकाणी, अ‍ॅम्पची डिकीत दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांना जोडणारी आरसीएची जाळी. दोन ठिकाणची पातळी सारखी नसेल तर फरकाचा करंट त्या नाजूक जाळीतून धावतो आणि अ‍ॅम्प त्यालाही गाणं समजून मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. वायर महाग घेतली म्हणून हा थांबत नाही. सोनेरी पिनांच्या आरसीएवर पैसे घालवायला सांगितलं तर ते पैसे तू चांगल्या मल्टिमीटरवर घाल.

शोधताना एकच रीत पाळ: सिग्नलचा रस्ता मधोमध तोडायचा आणि आवाज कुठल्या अर्ध्यात राहिला ते बघायचं. एकेक वस्तू बदलत बसू नकोस, त्याने फक्त बिल वाढतं.

गाडी उघड्यावर लाव. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, आणि बॉनेट उघडं असेल तेव्हा ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे. पट्टा आणि पंखा कुणाची वाट बघत नाहीत. गरम इंजिनाचा पंखा तर आपोआप सुरू होतो.

मग अ‍ॅम्पचा गेन आहे तिथे खूण करून पूर्ण खाली आण. शिट्टी गेली तर ती गेनच्या आधीच शिरलीय, म्हणजे आरसीए किंवा सेटच्या बाजूने. तशीच राहिली तर अ‍ॅम्पचा पॉवर, अर्थ किंवा स्पीकर वायर. आता इंजिन बंद, सेट बंद, अ‍ॅम्प बंद, आणि मगच आरसीएच्या पिना अ‍ॅम्पमधून काढ. हा क्रम मी मुद्दाम सांगतेय. बऱ्याच सेटमध्ये आरसीएच्या बाहेरच्या कड्याकडे जाणारा रस्ता आत एका केसासारख्या बारीक फ्यूजमधून किंवा पट्टीतून जातो. चालू अवस्थेत पिना ओढल्या, किंवा अ‍ॅम्पची अर्थ ढिली असल्याने सगळा करंट जाळीतून गेला, की तो जळतो. मग सेट गातो, पण शिट्टी कायमची बसते, आणि सगळी गाडी सोलून काढली तरी कारण सापडत नाही. तुझ्या सेटचं हे तपासायचं असेल तर पिना काढलेल्या असताना मीटर ओहमवर ठेव, एक टोक आरसीएच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं सेटच्या लोखंडी डब्याला. बहुतेक सेटमध्ये तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. काहीच आलं नाही तर दुकानात हा मुद्दा सगळ्यात आधी काढ.

पिना काढून अ‍ॅम्पचं तोंड नुसतं उघडं ठेवलंस तर ते स्वतःच हवेतली गुणगुण पकडतं आणि आपण फसतो. त्यासाठी दोन आरसीए पिना घेऊन त्यांचा मधला खिळा आणि बाहेरचं कडं तारेच्या तुकड्याने जोडून टाक. अशी बुचं अ‍ॅम्पच्या तोंडाला लावायची. मी इथून, पुण्याच्या तापकीर गल्लीतून पिना आणून, झाळून पाठवते, तू त्यात वेळ घालवू नकोस. एक मात्र पक्कं ध्यानात ठेव, ही बुचं फक्त अ‍ॅम्पच्या इनपुटला. सेटच्या आउटपुटला चुकूनही नाही. बुचं लावून गाडी चालू केलीस आणि शांतता असली, तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. शिट्टी राहिली तर सेटकडे बघायची गरजच नाही, थेट अ‍ॅम्पच्या अर्थिंगवर जायचं.

समजा शांतता आहे. मग तुझा जुना हेडफोनच्या भोकाचा फोन काढ, चार्जरला न लावता, आणि छोट्या वायरने थेट अ‍ॅम्पला जोड. फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो, त्याचा गाडीच्या पत्र्याशी काही संबंध नाही, त्यामुळे लूप तुटतो. गाणं स्वच्छ येईल. आता तोच फोन पुढे डॅशबोर्डपाशी ने आणि सेटमागची आरसीए काढून त्या वायरच्या टोकाला लाव. तरीही स्वच्छ असेल तर वायरचा रस्ता ठीक आहे, आणि सेटची अर्थ व अ‍ॅम्पची अर्थ यांच्यात भांडण आहे. इथे शिट्टी परत आली तर मात्र वायरच गुन्हेगार. कुठेतरी तिची साल निघून ती बॉडीला टेकलीय, किंवा ती बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरीला लागून डिकीपर्यंत गेलीय. जाड पॉवर वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायची असते. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात ओलांडायची. घाईत दोन्ही एकाच पट्टीखाली कोंबतात, कारण एकच बाजू उघडावी लागते.

आणि हो, तू सेटबरोबर रिव्हर्स कॅमेरा बसवलास ना? मला त्याचा दाट संशय आहे. कॅमेऱ्याला वीज मागच्या दिव्यातून घेतात, त्याची अर्थ डिकीच्या पत्र्याला, आणि त्याची पिवळी व्हिडिओ वायर सेटपर्यंत. म्हणजे सेट आणि डिकी यांना जोडणारी अजून एक जाळी तयार झाली. सेटमागची पिवळी पिन काढून एकदा ऐक. हे करायला मिनिटभर लागतं आणि बहुतेक जण करत नाहीत.

डॅशकॅम आणि सिगारेट लायटरच्या भोकातला चार्जर यांनाही एकदा उपटून बघ. हे स्वस्त चार्जर १२ व्होल्टचे ५ करताना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्याचा कचरा रेडिओत येतो. तो कुठून येतो ते हुडकायला माझ्याकडे एक आवडती युक्ती आहे. बाबांचा तो सेलवरचा खिशातला ट्रान्झिस्टर घे, एएमवर लाव, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी ठेव आणि डॅशबोर्डभर फिरव. ज्या वायरीजवळ खरखर वाढेल तिथे हात घाल. एएम रेडिओ असल्या खरखरीला फार हळवा असतो.

आता मीटर. तुझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे, तेवढा पुरे. इंजिन बंद करून तासाभराने बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४. नव्या गाड्यांतले काही अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम व्होल्टेज खालीवर करतात, पण तुझी गाडी त्या पिढीच्या आधीची आहे, तिच्यात हे आकडे स्थिर दिसले पाहिजेत. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच दोन टर्मिनलवर बघ. चांगल्या अल्टरनेटरवर ०.१ व्होल्टच्या आत काहीतरी दिसतं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर आतला एखादा डायोड गेलाय असं समज. तेव्हा शिट्टी हा ऑडिओचा विषयच उरत नाही, गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यायची.

सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप पुढचं आहे, म्हणून ते सावकाश कर. गाडी चालू, हेडलाइट चालू, पंखा पूर्ण, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही चालू, आणि सेटवर गाणं नेहमीपेक्षा मोठं. हा सगळा भार हवाच. भार नसताना गंजलेला सांधाही साळसूद दिसतो. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक लांब वायर जोडून बॅटरीच्या निगेटिव्हवर, बॅटरीच्या मूळ शिशाच्या खांबावरच, वरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक अ‍ॅम्पच्या अर्थच्या स्क्रूवर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.२ च्या वर गेलं तर तिथे काम आहे. मग दुसरं टोक एकेक पायरी मागे आण: वायरीचं थिंबल, तो बोल्ट, बोल्टशेजारचा उघडा पत्रा, बॅटरीजवळची बॉडी. ज्या दोन जागांच्या मधे आकडा धाडकन खाली येतो, दोष त्या दोन जागांच्या मधेच. तसंच एकदा बॅटरीचा खांब ते अल्टरनेटरचं बाहेरचं कवच मोज. हात आणि वायरी पट्ट्यापासून लांब ठेवून. तिथे आकडा मोठा आला तर इंजिन आणि बॉडी जोडणारी चपटी वेणी गंजली आहे.

तुमच्या अलिबागच्या गाड्यांत माझा पहिला संशय या वेणीवरच असतो. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडायला ही तांब्याची वेणी लागते. खाली, चिखल-पाण्याच्या तोंडावर, कुणाच्या नजरेत नसलेली. खाऱ्या ओलीने ती हिरवी होते, मग तिच्या बारीक तारा एकेक करून तुटतात. ती पार तुटली की स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो, कधी गिअर किंवा क्लचच्या केबलमधून जातो आणि ती केबल तापते. शिट्टीच्या निमित्ताने ही वेणी तपासून घेतलीस तर मला रात्री नीट झोप लागेल. नवी टाकायला फार खर्च नाही, आणि चार पावसाळ्यांत तिच्याकडे एकदाही न बघणं बरोबर नाही.

एक फसवी गोष्ट. दुकानात कुणी ओहमवर मीटर ठेवून "बघा मॅडम, अर्थ बरोबर आहे, बीप वाजतो" असं दाखवेल. बीप काही ओहमपर्यंत वाजतच राहतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो, आणि आपण शोधतोय तो दोष त्याच्याही पन्नासाव्या हिश्शाएवढा. शिवाय ओहमवर मीटर अगदी नाममात्र करंट सोडतो. एका तारेच्या धाग्यावर टिकलेला सांधाही त्याला पुरतो. म्हणून बीप ऐकून मान डोलावू नकोस. भार लावून व्होल्ट मोजायला सांग.

अर्थिंग नव्याने करताना समोर उभी राहा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि सगळं झाल्यावर तीच शेवटी लावायची. जागा निवडायची ती बॉडीचा जाड पत्रा असलेली, अ‍ॅम्पपासून हात-दीड हाताच्या आत. तिथला रंग आणि खालचा प्रायमर पॉलिश पेपरने घासून चमकता धातू दिसला पाहिजे. रंगावर बोल्ट आवळून केलेली अर्थ बोल्टाच्या आट्यांवरच जगते, पहिल्या दिवशी ठीक आणि सहाव्या महिन्यात खरखर. अर्थची वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड हवी. तुला दिलेली वायर जाड दिसते पण हलकी वाटते, असं तू म्हणालीस. तिचा एक तुकडा सोलून चाकूने खरवडून बघ, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्के वीज वाहतं, आणि खाऱ्या हवेत त्याचा सांधा लवकर खराब होतो. तुझ्या गाडीत शुद्ध तांब्याचीच घाल. थिंबल दाबायच्या पान्याने नीट दाबलेलं हवं, पक्कडीने चेपलेलं नाही. खाली दातेरी वायसर, वरून नट घट्ट, आणि सगळं झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग, म्हणजे ओल आत जाणार नाही. ग्रीस आधी लावायचं नाही.

सेटची अर्थही तपास. डॅशबोर्डमागच्या मूळ काळ्या वायरीला आधीच पाच गोष्टी लटकलेल्या असतात, त्यात सेट सहावा. चाचणी म्हणून सेटच्या लोखंडी डब्यापासून अ‍ॅम्पच्या अर्थ बोल्टपर्यंत एक लांब वायर तात्पुरती जोडून बघ. शिट्टी मेली किंवा अर्धी झाली, तर पुरावा हातात आला. मग पक्की वायर टाकून घ्यायची.

तुझी मैत्रीण कंपनीचाच सेट ठेवून अ‍ॅम्प लावणार आहे ना, तिला माझा निरोप दे. आजकालच्या बहुतेक सेटमध्ये स्पीकरची निगेटिव्ह वायर अर्थ नसते. दोन्ही वायरींवर साधारण ६-६ व्होल्ट असतात आणि स्पीकर त्यांच्या फरकावर वाजतो. कुणी ती निगेटिव्ह बॉडीला टेकवली तर सेटचा आतला अ‍ॅम्प मरू शकतो. अशा ठिकाणी स्पीकरच्या वायरींतून सिग्नल घेणारा चांगला हाय-लो कन्व्हर्टर किंवा स्पीकर लेव्हलचे इनपुट असलेला अ‍ॅम्पच घ्यावा.

आता त्या फिल्टरबद्दल, पुढे सांगेन म्हणाले होते ना. आरसीएच्या मधे लावायची ती डबी म्हणजे आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. त्यातून गाणं चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं आणि दोन अर्थ एकमेकींपासून सुटतात. चांगल्या प्रतीची डबी काम चोख करते. स्वस्तातली मात्र खालचा बास खाते, आणि तू वूफर लावला आहेस तो बाबांच्या कॅसेटींतला तबला नीट ऐकू यावा म्हणून. सगळे सांधे साफ झाले, आकडे ०.१ च्या आत आले, कॅमेरा आणि चार्जर निर्दोष निघाले, आणि तरीही सेटच्या रचनेमुळे किंचित शिट्टी उरली, तर खुशाल लाव. पॉवर वायरीवर बसवायचा जाड कॉइलचा फिल्टर वेगळा, तो सेटच्या बारीक वायरीला चालतो. अ‍ॅम्पच्या जाड वायरीवर कुणी तो बसवायला निघालं तर नको म्हण.

दुकानात एकटी जाताना तुला अवघडल्यासारखं होतं, हे मला ठाऊक आहे. तिथे चार मुलगे बॉनेटभोवती उभे असतात आणि तुला स्टुलावर बसवून चहा देतात. चहा घे, पण स्टूल गाडीजवळ ओढ. आकडे कागदावर लिहून ने: भार लावून अ‍ॅम्पच्या अर्थवर किती, अल्टरनेटरच्या कवचावर किती, बुचं लावल्यावर आवाज गेला की राहिला, पिवळी पिन काढल्यावर काय झालं. आवाज न चढवता एवढंच म्हण, "दादा, इथे ०.३ पडतायत, हा सांधा उघडून दाखवा." चांगला कारागीर असेल तर त्याचा चेहरा उजळतो, कारण त्याचे दोन तास वाचले. जो चिडतो त्याच्याकडून गाडी परत घे. हे मी अगदी मनापासून सांगतेय, कामाच्या माणसाला प्रश्नांचा त्रास होत नाही.

बॅटरीपासून येणाऱ्या जाड वायरीवर बॅटरीच्या हातभर अंतरातच फ्यूज आहे का, तेही त्याच फेरीत बघ. नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी तो बसवायचा, कारण ती वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर मधे तिला अडवणारं काहीच नाही. पिवळ्या वेष्टणातल्या एअरबॅगच्या वायरींना कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि अर्थसाठी नवं भोक पाडणार असतील तर पत्र्याच्या पलीकडे पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही ना, हे खालून वाकून तू स्वतः बघ. तयार बोल्ट आहे म्हणून सीटबेल्टच्या बोल्टाखाली थिंबल सरकवायला निघाले, तर तिथल्या तिथे काढायला लाव, मग कितीही उशीर होवो.